नावं ठेवायची नाहीत!

बाळाचं नाव ठेवताना रुसायचा मान आत्याचा. 2009 साली एका जनुकाचं नाव ठेवलं आणि 2010 मध्ये रुसला अख्खा देश. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णात जंतू सापडला होता. कार्बापेनेमसारखी ठेवणीतली औषधंसुद्धा तो पचवायचा. त्याच्या जनुकाचं नाव पडलं एनडीएम-1. त्यातलं एनडी म्हणजे न्यू डेल्ही. झालं! आरोग्य खात्याने नावाला हरकत घेतली, पुढाऱ्यांना आपल्या मेडिकल टुरिझमविरुद्धचा कट दिसला. जंतूची चौकशी राहिली बाजूला.

पुढच्या वर्षी, 2011 मध्ये, संशोधकांनी दिल्लीच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष छापले. गल्लीबोळांत साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये तेच जनुक, आणि नळाच्या 50 पैकी 2 मध्येही. म्हणजे दवाखान्याचा पत्ता सोडून स्वारी केव्हाच बाहेर राहायला आली होती. त्यावरही आपण खुलासाच काढला.

त्याआधी, 2007 मध्ये, हैदराबादजवळच्या पटनचेरूची गोष्ट जगाला कळली होती. तिथल्या नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात ‘शुद्ध’ व्हायचं. बाहेर पडणाऱ्या शुद्ध पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक निघालं लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. आणि गंमत ऐका. सांडपाणी साफ करणारे जंतू जोमात राहावेत म्हणून त्यात माणसांचं मैलापाणीही मिसळत. आपल्या आतड्यातले जंतू आयते हौदात, वरून औषधाचा मारा. तालीमच ती! लेचेपेचे गेले, उरले ते पैलवान.

बरं, हे पैलवान डावपेच गुपित ठेवत नाहीत. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं इवलंसं कडं असतं. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी फिरते तसं ते या जंतूकडून त्या जंतूकडे जातं. शेजारचा आपल्या जातीचा नसला तरी चालतं. एवढी उदारता आपल्या सोसायटीत नाही.

2020 च्या जानेवारीत सरकारने मसुदा काढला: कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल, याचे आकडे. शंभरावर औषधांची यादी होती. 2021 च्या ऑगस्टमध्ये पक्के नियम आले, तेव्हा हे आकडे गायब. नाव नको होतं, आता आकडाही नको.

मी तरी कुठे धुतल्या तांदळाचा? परवा पोट बिघडलं. केमिस्टने चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. ‘तीन देऊ की पाच?’ एवढीच चौकशी. अँटिबायोटिकच्या पट्टीच्या कडेला लाल रेघ असते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून. त्याची कात्री अशी सफाईने चालली की रेघ त्याच्याकडे राहिली आणि गोळ्या माझ्याकडे आल्या. तीनांत बरं वाटलं. उरलेल्या दोन फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात गेल्या.

काल शेजारच्या काकू आल्या. ‘ह्यांना सकाळपासून जुलाब होतायत. तुमच्याकडे काही आहे का हो?’

मी डबा उघडला. काकूंनी चष्मा लावून तो तुकडा उलटसुलट पाहिला. ‘नाव काय हो या गोळीचं?’

नावही केमिस्टकडेच राहिलं होतं. काकू गोळ्या घेऊन गेल्या.