पाहिजे : सालस भाडेकरू

सेवानिवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी हाती घ्यावी की दासबोध, या विवंचनेत असलेल्या मनुष्याने महारेराची दलालांची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे, हा प्रकार विधिलिखिताशिवाय अन्य कशानेही समजावून देता येणार नाही. परंतु तो आमच्या बाबतीत घडला खरा. 2023 पासून दलालास परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा ज्या धंद्यास आजवर पानाची टपरी आणि एक लाकडी बाकडे एवढेच भांडवल पुरत असे, त्यास एकाएकी विद्येची प्रतिष्ठा प्राप्त झाली. आम्ही स्वतःस ‘मालमत्ता सल्लागार’ म्हणवून घेतो. पेठेतले लोक मात्र अजून दलालच म्हणतात.

आमचे पहिले अशील सदाशिव पेठेतले, आमच्याच वयाचे. त्यांनी खुर्चीवर बसण्यापूर्वीच फर्मान सोडले.

‘‘पंत, एक छोटंसं घर बघा. राहायला नको, भाड्यानं द्यायला. किंमत बेताची हवी, भाडं भरपूर हवं, आणि भाडेकरू सालस हवा.’’

या तीन अटींपैकी कोणतीही एक एकेकटी पाहिली तर अगदी रास्त आहे. तिन्ही एकाच घरात नांदतील असे घर मात्र शनिवारवाड्यापासून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत कोणी बांधल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि पहिल्या अशिलास नकार देणे हा अपशकुन होय, म्हणून आम्ही वही उघडली.

इथे अशिलांच्या स्वतःच्या बिऱ्हाडाविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. 1972 साली, म्हणजे दुष्काळाच्या वर्षी, दिवाळी उरकल्यावर त्यांचे वडील बदलीवर पुण्यास आले आणि एका वाड्यात दोन खोल्या त्यांनी 11 महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, दरमहा 60 रुपयांनी घेतल्या. करार संपण्यापूर्वीच कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो जो म्हणून परवानाधारक चालू करारान्वये निदान एका खोलीत बसलेला होता, तो तो 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली संरक्षित कूळ ठरला. रात्री पाहुणा म्हणून निजलेला मनुष्य सकाळी वहिवाटदार होऊन उठावा, तशातलाच हा चमत्कार होता. ते 11 महिने अद्याप संपावयाचे आहेत. पुढे 31 मार्च 2000 पासून नवा कायदा अमलात आला आणि त्याने घरमालकास दरसाल 4 टक्के वाढीची मुभा दिली, त्यामुळे भाडे आता दीडशेच्या पलीकडे गेले असून घरमालकाची ही पिळवणूक अशील येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असतात. घरमालकाने छपराची डागडुजी करावी म्हणून त्यांनी केलेल्या अर्जांची बाडे आम्ही समक्ष पाहिली आहेत. तेवढा कागद छपरावर अंथरला असता तर गळती खचित थांबली असती.

तर असे हे गृहस्थ आता घरमालक होऊ इच्छीत होते.

आम्ही त्यांना वाघोलीस नेले, मोशीस नेले, तळेगावाकडेही नेऊन आणले. प्रत्येक ठिकाणी नमुन्याची सदनिका, तिच्यात मुद्दाम आखूड करून घेतलेला पलंग, आणि एक तरुण मुलगी हातात पाण्याची बाटली देऊन म्हणे, ‘‘सर, इन्व्हेस्टमेंटसाठी की राहायला?’’ वाघोलीच्या रस्त्यात आमची गाडी तीन टँकरांमागे अडकली. अशिलांनी टँकर मोजले, आणि पुढच्या इमारतीत शिरताच पाणी महापालिकेचे की टँकरचे हा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर ‘‘लवकरच’’ असे आले. कार्पेट म्हणजे काय, बिल्टअप म्हणजे काय आणि सेलेबल म्हणजे काय, यांतला भेद रेराच्या कायद्याने पुसून कार्पेट हेच खरे माप ठरवले असले, तरी बोलण्याच्या ओघात सेलेबलचा आकडा अजून तोंडातून निसटतोच. एवढ्या वर्षांची सवय एका कायद्याने कशी जावी?

सरकारच्या लेखी ‘परवडणारे घर’ म्हणजे वस्तू व सेवा करापुरते 45 लाखांपर्यंतचे. क्षेत्रफळ महानगरात 60 चौरस मीटर, अन्यत्र 90. या व्याख्येत मुंबई महानगर आहे, पुणे नाही, हे ऐकून अशिलांचा चेहरा पडला. पुण्यास कोणी महानगर मानीत नाही! परंतु त्यामुळे 30 चौरस मीटर जास्तीचे पदरात पडतात हे ध्यानी येताच त्यांनी तो अपमान गिळला. पुणेकर अपमान गिळतो तो अशा वेळी.

मग हिशेब. तयार घर, किंमत 45 लाख. अशील म्हणाले, खरेदीखत सौभाग्यवतींच्या नावे करू. कारण एक तर स्त्री-खरेदीदारास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट, आणि दुसरे म्हणजे वाड्याच्या घरमालकाच्या कानी ही गोष्ट जाऊ नये. (सौभाग्यवतींना विचारण्याचा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.) मुद्रांक 6 टक्के म्हणजे 2 लाख 70 हजार, नोंदणी फी 30 हजार, एकूण 48 लाख. भाडे धरले दरमहा 14 हजार, म्हणजे सालाचे 1 लाख 68 हजार. त्यांतून एक महिना घर रिकामे राहणार ते 14 हजार, सोसायटीची वर्गणी 36 हजार, घरपट्टी 6 हजार. उरले 1 लाख 12 हजार. भागाकार 2.33 टक्के आला. अशिलांनी तो तीनदा करून पाहिला, चौथ्यांदा आमच्या चष्म्याने करून पाहिला.

‘‘पंत, हे तर बचत खात्यागत झालं!’’

‘‘बचत खात्याला रंग द्यावा लागत नाही,’’ आम्ही म्हणालो. आणि कर्ज काढल्यास त्याचे व्याज या आकड्याच्या तिप्पट पडेल, हे सांगण्याचा मोह आवरला. दलालाने सत्य सांगावे, पण हप्त्याहप्त्याने.

तरीही त्यांनी भाडेकराराचा मसुदा तोंडी घातलाच. लग्न न झालेला नको, झालेला असल्यास मुले नकोत, मांसाहारी नको, वकील तर मुळीच नको. भिंतीत खिळा ठोकू नये, रात्री दहानंतर पाहुणा येऊ नये. इतक्या अटी लिहून घेतल्यावर त्यांनी हळूच विचारले, ‘‘नोंदणी टाळता येईल का?’’ तेव्हा आम्ही त्यांना 1999 च्या कायद्याचे 55 वे कलम वाचून दाखवले: करार लेखी आणि नोंदलेला असण्याची जबाबदारी घरमालकाची, तो तसा नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य धरले जाते, आणि घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद वा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘‘भाडेकरू म्हणेल ते?’’ अशील उद्गारले. ‘‘हा कसला न्याय?’’

त्यानंतर आठ दिवस ते फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले ते खुशीत. त्यांना स्वस्त मालमत्ता सापडली होती. वाघोलीत नव्हे, तळेगावातही नव्हे, वाड्यातच. त्यांच्या दोन खोल्यांवर एक माळा आहे, त्यावर जुनी ट्रंक आणि पितळी बंब आहे, तो हलवला की एका विद्यार्थ्याची सोय होते. भांडवल दीडशे रुपये, उत्पन्न दरमहा चार हजार. टक्केवारी काढण्यास अंकगणित असमर्थ.

घरमालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे कुळास बाहेर काढण्याचे कारण ठरते, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणले. त्यांनी ते हाताने उडवून लावले. कागद करायचाच नाही, मग कळणार कुणाला? मुलगाही हेरून ठेवला होता: लातूरकडचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, वाकून नमस्कार करणारा.

‘‘मग अडचण काय?’’ आम्ही विचारले.

अशील बराच वेळ चहाच्या कपाच्या कानाशी चाळा करीत बसले.

‘‘मुलगा सालस आहे हो,’’ ते अखेर म्हणाले. ‘‘पण आमचे वडीलही तेव्हा फार सालस दिसायचे, असं घरमालकाची आई सांगायची.’’