पंचवटी उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सकाळी शिर्डी आणि संध्याकाळी त्र्यंबकेश्वर असा बेत असेल, तर मधे नाशिकच्या वाट्याला तीन तास येतात. ते पुरतात. रामाला पंचवटीत एवढा मुक्काम करावा लागला, कारण त्याच्याजवळ टेम्पो ट्रॅव्हलर नव्हती. तुम्ही पुढील क्रम पाळा.

पूर्वतयारी. नकाशात नदीचं नाव गोदावरी असलं, तरी रिक्षावाल्याला ‘गंगेवर सोडा’ म्हणावं. गोदावरी म्हटलंत की तुम्ही बाहेरचे ठरता आणि भाडं त्याप्रमाणे ठरतं. बुधवार टाळावा, त्या दिवशी घाटावर बाजार भरतो आणि भाजीच्या ढिगांमधून देव शोधावे लागतात. चपला गाडीतच ठेवाव्यात. चैत्र-वैशाखात दुपारची फरशी दर्शनाचा वेग आपोआप वाढवते.

दुतोंड्या मारुती. पात्रात उभा आहे, त्यामुळे गाडीतूनही उरकतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव याच्याकडे बघतं. किती क्युसेक ते सरकारी कागदांना ठाऊक; लोकांचं माप गुडघा, कंबर, गळा. पाणी कमरेच्या वर असेल तर दर्शन लांबूनच घ्यावं आणि गाडी नदीकाठी नेमकी कुठे लावली होती, ते आठवावं.

रामकुंड. एका पायरीवर अस्थिविसर्जन चालू असतं, दुसरीवरून पोरं सूर मारत असतात आणि मधे एखाद्या आजी तांब्या भरून घेत असतात. पायांना चिखल लागेल ही भीती नको. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत पात्राच्या तळाशी काँक्रीट ओतून ती सोय केलेली आहे. जुनी कुंडं आणि त्यांचे झरे त्याखाली गेले. आता उन्हाळ्यात काठ कोरडे पडू लागले की धरणाकडे डोळे लावायचे. उसासारखं तीर्थालाही आवर्तन लागतं, हे पुराणकारांच्या लक्षात आलं नव्हतं.

कपालेश्वर. पायऱ्या चढून वर गेलात की शंकरासमोर नंदी दिसणार नाही. चोरीची तक्रार देऊ नये. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्यासाठी रामकुंडात स्नान कर, हा सल्ला शंकराला नंदीनं दिला. मग सल्ला देणारा गुरूच झाला, त्याला समोर कसं बसवायचं, म्हणून इथे नंदी नाही, अशी कथा आहे. शिंगांमधून दर्शन घ्यायची सवय असलेल्यांची पंचाईत होते. त्यांनी आपल्याच दोन बोटांवर भागवावं. आपल्या हाताखालच्या कोणाचा सल्ला आपण शेवटचा कधी ऐकला, असले विचार मनात आणू नयेत, वेळ जातो.

नारोशंकराचं देऊळ. १७३९ च्या वसई मोहिमेतली पोर्तुगीज घंटा इथे वर टांगलेली आहे. ती फक्त बघायची. वाजवण्याची हौस इतर कुठल्याही देवळात भागते.

सीतागुंफा. आधी वाकायचं, मग बसायचं, मग बसल्या बसल्या पुढे सरकायचं. पिशवी पोटाशी धरावी. मागच्याचं डोकं पाठीला टेकलं म्हणजे रांग हलते आहे, असं समजावं. आत मोबाईल काढू नये. कोपर शेजारच्या कुटुंबाच्या तोंडात जातं. बाहेर आल्यावर वडांची झाडं मोजावीत आणि पाच भरली की निघावं.

काळाराम. काळ्या पाषाणाचं हे भव्य देऊळ पेशवाईत सरदार ओढेकरांनी उभारलं. इथे रांग वीस मिनिटांची निघाली की चारचौघांप्रमाणे कपाळाला आठ्या घालाव्यात. फक्त एक तपशील जवळ असू द्यावा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष दाराशी आले आणि दारं बंद झाली. रामनवमीला रथ ओढू देण्यावरून दगडफेक झाली. सुमारे पाच वर्षं लढा चालला, तरी दार उघडलं नाही. म्हणून ‘व्हीआयपी दर्शन कुठून आहे हो?’ हा प्रश्न इथे जरा हळू आवाजात विचारावा.

समारोप. गाडीकडे परतताना घाटावर उपाध्ये हाक मारतील, “गाव कोणतं? आडनाव काय?” ‘वेळ नाही’ म्हणून सटकायची रीत आहे, पण दहा मिनिटं शिल्लक असतील तर सांगून टाकावं. मग एक लांबट वही सुटते, पानं उलटतात आणि बोट एका ओळीवर थांबतं. तिथे तुमचे पणजोबा असतात, मोडीत, सोबत कोण आलं होतं त्यांच्या नावांसकट. ते कसे आले आणि किती दिवस राहिले, हे वाचायला तुम्हाला मोडी येत नाही. उपाध्ये वाचून दाखवतात. नंतर तुमची नोंद होते: गाव, वडिलांचं नाव, बायको, मुलंबाळं. किती देवळं किती वेळात झाली, यासाठी वहीत रकाना नाही. त्यामुळे सही करताना निदान अक्षर तरी लागेल असं काढावं.