पांडा चुकवणारे नाना

नानांच्या अंगात उत्साह संचारतो तो दुपारी चारच्या चहानंतर, आणि त्याची पहिली बातमी खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांच्या पंख्याला लागते. पंखा डुलायला लागला की पोस्टमास्तर वर बघतात आणि म्हणतात, "सुरू झाला मेंदूचा व्यायाम."

नाना डोंबिवलीतल्या एका सहकारी बँकेतून कर्जखात्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. गुडघे शाबूत, साखर बेताची. धास्ती एकच, विसरण्याची. थोरल्या भावाला शेवटी शेवटी घरची माणसं ओळखू येईनाशी झाली होती. तो विषय निघाला की नाना चेष्टा थांबवतात, आपणही थांबवावी. शब्दकोडी सोडवून झाली, भिजवलेले बदाम खाऊन झाले. मग न्यूजर्सीतले चिरंजीव सुट्टीवर आले आणि घरातली अडगळ बॅगेत भरून इथे सोडून गेले: निन्टेंडोचं जुनं 'वी' यंत्र आणि पायाखाली घ्यायची पांढरी फळी. यंत्राचा अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा, म्हणून नानांनी स्टेशनजवळून ट्रान्सफॉर्मर आणला. तो इतका जड, की तिसऱ्या मजल्यावर चढवतानाच वर्षाचा व्यायाम झाला होता, असं काकूंचं मत आहे.

याला गेम म्हटलेलं नानांना खपत नाही. 'एक्सरगेमिंग' म्हणायचं. आणि म्हटलं की समोरच्याने बसून ऐकायचं. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग छापला. निवृत्तांच्या वसाहतींतल्या मंडळींना तीन महिने जागेवरची सायकल मारायला लावली. काहींची सायकल साधी. काहींच्या पुढ्यात पडदा, पडद्यावर वळणावळणाचा रस्ता आणि गाठायला एक प्रतिस्पर्धी. घाम दोन्हीकडे सारखाच गळला. पण बेत आखणं, एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष नेणं, चुकीचा मोह आवरणं या मेंदूच्या कारभारी कामांत पडदावाले पुढे निघाले. बुद्धी मंदावण्याच्या पहिल्या पायरीवर घसरण्याची शक्यताही त्यांच्यात २३ टक्क्यांनी कमी दिसली. हे २३ टक्के नाना जुन्या मुदतठेवीच्या व्याजासारखे चवीने उच्चारतात. शेवटपर्यंत टिकलेली माणसं सगळी मिळून ६३च होती, हे त्याच कागदावर आहे. तेवढी ओळ नाना वाचत नाहीत. आयुष्यभर कर्जदारांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस!

पडदावाल्यांच्या रक्तात बीडीएनएफही जास्त वाढलं होतं. मेंदूच्या पेशींना खतपाणी घालणारं ते एक प्रथिन. पण नाना जिन्यात कुणाला तरी "बीडीएनएफ वाढवा, बीडीएनएफ!" असं सांगत होते, तेव्हा पोस्टमास्तरांनी थांबून विचारलं, "कुठली फायनान्स कंपनी? बुडणार नाही ना?"

नानांचा लाडका प्रकार डोक्याने फुटबॉल मारण्याचा. फळीवर उभं राहून डावी-उजवीकडे झुकायचं. समोरून चेंडू येतात, ते डोक्यावर घ्यायचे. मधूनच बूट आणि पांड्याची मुंडकी येतात, ती चुकवायची. चेंडूही काळापांढरा आणि पांडाही काळापांढरा, खरी मेख तिथे आहे. "मेंदूला नाही म्हणायला शिकवणं, हे यातलं शास्त्र," असं नानांनी समजावलं तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, नाही म्हणायला तुम्हाला शिकवणी कशाला? तीस वर्षं कर्जाच्या अर्जांना तेच तर म्हणत होतात."

आता गोष्ट अशी आहे, की नाना जितके विज्ञानवादी तितकेच पळवाटावादी. फळीवर वजन करण्याआधी यंत्र विचारतं, कपडे हलके की जड? नाना गंजी-लेंग्यावर असतात आणि 'जड' दाबतात. यंत्र बिचारं तेवढं वजन वजा करतं. धावण्याच्या खेळात रिमोट खिशात घालून जागच्या जागी धावायचं असतं. पण त्या रिमोटला पाय दिसत नाहीत, हालचाल तेवढी कळते, हा शोध नानांना लागला. तेव्हापासून काही दुपारी पंखा हलत नाही. नाना आरामखुर्चीत बसून एका हाताने रिमोट हलवतात, दुसऱ्याने चिवडा खातात आणि पडद्यावर अख्खं बेट पळून येतात. मेंदूचा व्यायाम झाला हे मान्यच करावं लागेल, कारण ही युक्ती काढायला डोकं लागतंच.

टेनिस मात्र ते इमानाने उभं राहून खेळले आणि खांदा धरून बसले. अस्थितज्ज्ञाकडे जाताना चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा अभिमान जास्त होता. हे यंत्र नवं होतं तेव्हा, २००७ साली, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २९ वर्षांच्या एका शिकाऊ डॉक्टरची हकिगत आली होती: तासन् तास वीवर टेनिस खेळला आणि खांद्याचा स्नायुबंध सुजला. त्या दुखण्याला 'वीआयटिस' असं नावही दिलं गेलं. आपल्याला जागतिक कीर्तीचा आजार झालाय, अशी नानांची खात्री होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'खांदादुखी, वयोमानानुसार.' नानांनी डॉक्टर बदलला.

वयोमान हा शब्दच त्यांना सोसत नाही, कारण ती फळी वय सांगते. रोज तोल तपासते आणि आकडा दाखवते. चाचण्या बदलत्या असतात, त्यामुळे बहात्तर वर्षांचे नाना सोमवारी ५४ निघतात आणि मंगळवारी ७९. सोमवारी सोसायटीच्या बाकावर पेढे, मंगळवारी यंत्र बिघडलेलं. एकदा पंख्याची तक्रार घेऊन पोस्टमास्तर वर आले. नानांनी मोठ्या मनाने त्यांना फळीवर उभं केलं. पोस्टमास्तरांचं वय चौऱ्याहत्तर, उभ्या आयुष्यात व्यायाम म्हणून टपाल वाटण्याच्या देखरेखीपलीकडे काही नाही. फळीने सांगितलं, ४९.

तेव्हापासून बोलणं बंद. पण ज्या प्रतिस्पर्ध्यासाठी अमेरिकेत पडदा लावावा लागला, तो नानांना एक मजला खाली मिळाला. आता सराव चोवीस तास चालतो. दूधवाल्याशी बोलताना नाना एका पायावर, रांगेत एका पायावर. शिवाय शरीराबरोबर डोकंही चाललं पाहिजे, म्हणून शंभरातून सात-सात वजा करत राहायचं, हा नियम. परवा लिफ्टमध्ये ते तसेच उभे होते, कठडा न धरता, डोळे मिटून: "त्र्याण्णव... शहाऐंशी... एकोणऐंशी..." आणि अडकले. दुसऱ्या मजल्यावर पोस्टमास्तर आत आले, त्यांनी क्षणभर ऐकलं आणि मदत म्हणून सांगितलं, "बहात्तर."

"हे बघा," नानांनी दुसरा पाय दाणकन खाली टेकला, "वय काढायचं काम नाही!"