तापहारक नाना

उज्जैनमध्ये उष्णता उतरवण्याचा धंदा फार जुना आहे. वैशाख लागला की महाकालाच्या पिंडीवर अकरा मटक्या टांगतात. गलंतिका म्हणतात त्यांना. ज्येष्ठी पौर्णिमेपर्यंत त्यांतून दिवसभर थेंब थेंब पाणी ठिबकत असतं. तिकडे मंगळनाथाला, पत्रिकेतला मंगळ तापलेली मंडळी देशभरातून येतात आणि पिंडीला दहीभाताचा लेप देऊन परततात. देव असो की ग्रह, तापला की गार करायचा, हे या गावाला पक्कं ठाऊक. अशा गावात लॅपटॉप तापायला लागल्यावर त्याची सोय बघणारा कोणी निघाला नसता तरच नवल. तो निघाला, आणि फ्रीगंजच्या दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक या हिशेबानं निघाला. त्याला कुठे भाऊ म्हणतात, कुठे आबा, कुठे दादा. आमच्या गल्लीत नाना म्हणतात.

नानांचं घराणं राणोजी शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलं. उज्जैनातलं प्रत्येक मराठी घराणं राणोजींबरोबरच आलेलं असतं. तेवढी सगळी माणसं खरोखर आली असती तर साताऱ्याकडे मागे दिवा लावायला कोणी उरलं नसतं. पण नाना या इतिहासाचा रोजच्या कामात उपयोग करतात. "राणोजींच्या दिवाणानं, रामचंद्रबाबा शेणव्यांनी, महाकालाचं अख्खं देऊळ नव्यानं उभं केलं. मग मला एक लॅपटॉप उभा करता येऊ नये?" असं ते विचारतात, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत लॅपटॉप पालथा करतात.

तरुणपणी ते इथल्याच एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, माग भंगारात गेले. नानांचा कान मात्र ड्यूटीवरच राहिला. शंभर मागांच्या खडखडाटात नेमकं कोणतं बेअरिंग रडतंय ते ओळखणारा हा माणूस. त्याला पुढे कित्येक वर्षं ऐकण्याजोगं काही मिळालंच नाही. मग 2020 साली टाळेबंदी आली, पुण्या-बेंगळुरूची पोरं लॅपटॉप काखेत मारून घरी परतली, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोल्यांमधून भर उन्हाळ्यात तो आवाज सुरू झाला: घूंऽऽऽ. नाना ताठ बसले. त्या दिवसापासून आजतागायत ते कामावर आहेत.

शेजारचं भांडण ऐकून जिना चढणारी माणसं आपण पाहिली आहेत. नाना पंखा ऐकून जिना चढतात. बोलावण्याची वाट बघत नाहीत. अर्धवट लोटलेल्या दारातून आधी कान आत येतो, मग चष्मा, मग बुशकोटाचा खिसा. खिशात टेस्टर, बारीक पेचकस, रंगकामाचा जुना ब्रश आणि दोन टूथपिक. "बेटा, किती दिवस झाले हा असा बोलून राहिलाय?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही दिलं तरी नाना "हंऽ" म्हणतात, आणि त्या "हंऽ"ने घरातल्या बाईमाणसाच्या पोटात गोळा येतो.

बोलावलंच, तर मात्र उशिरा येतात. अकराची वेळ दिली तर साडेअकराला. विचारलं तर वेधशाळेकडे बोट दाखवतात. सवाई जयसिंगाचं सम्राट यंत्र तिथे आजही सावलीवर वेळ सांगतं, आणि उज्जैनची ती खरी वेळ सरकारी घड्याळाच्या साधारण 27 मिनिटं मागे चालते, हे खोटं नाही. नानांचं म्हणणं, एके काळी साऱ्या देशाचे ज्योतिषी उज्जैनची वेळ धरून गणित मांडत, मग आपणच का सोडायची? वरची तीन मिनिटं जिन्याची.

आल्यावर श्रवण. पेचकसाचं टोक लॅपटॉपच्या पाठीवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिरणीतले फिटर असंच करत. बेअरिंग झिजलं असेल तर धातूतून खर्रखर्र येते, नुसतीच हवा अडली असेल तर सुस्कारा येतो. घरातले सगळे तेवढा वेळ श्वास रोखून उभे. नाना डोळे उघडतात. "बेअरिंग चांगलं आहे. दम लागून राहिलाय बिचाऱ्याला."

आता खरी गोष्ट अशी की दहांतल्या आठ घरी कारण नानांना दारातूनच दिसलेलं असतं. लॅपटॉप गादीवर ठेवलेला असतो. त्याला नाक खालच्या बाजूला, आणि खाली चार इंच कापूस. सुरुवातीच्या काळात नाना भोळेपणानं तेवढंच सांगत: "गादीवरून उचल, मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेव." झाकणं ठेवली की हवा जाई, आवाज उतरे. पण घरच्यांचे चेहरेही उतरत. एवढंच? एवढ्यासाठी नाना? मग तोच मुलगा संध्याकाळी टॉवर चौकात जाऊन निळे दिवे लागणारं, खाली आणखी दोन पंखे असलेलं कूलिंग पॅड विकत आणी. आधी एक पंखा आवाज करत होता, आता तीन करत. घर तृप्त.

नानांनी यातून धडा घेतला. फुकटातल्या आणि सोप्या उपायाला या जगात किंमत नाही, निदान उज्जैनात तरी नाही. विधी पाहिजे. झाकणं तीच, पण आता ती तिसऱ्या बैठकीला येतात. त्याआधी श्रवण, मग निरीक्षण, मग प्रवचन. नानांचा उपाय सहसा चुकत नाही. त्याला लागणारा वेळ मात्र लॅपटॉपच्या गरजेवर ठरत नाही, घरच्यांच्या श्रद्धेवर ठरतो.

निरीक्षण हा त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. नाना टास्क मॅनेजर उघडायला लावतात आणि प्रोसेसर कोण खातंय ते मोठ्यानं वाचतात. त्यांचा हेतू शुद्ध, आवाज गिरणीतला. एका इंजिनीअर मुलाच्या ब्राउझरमध्ये विवाहमंडळाची तीन पानं उघडी आहेत, ही बातमी अशीच खालच्या मजल्यापर्यंत गेली. दुसरा एक जण कंपनीच्या वेळात दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरत होता, ते त्याच्या वडिलांना नानांकडून कळलं. तेव्हापासून गल्लीत शहाणपण आलंय. नाना जिन्यात दिसले की पोरं धडाधड सगळे टॅब, सगळे व्हिडिओ, सगळे अर्ज बंद करतात. प्रोसेसरवरचा भार एकदम उतरतो, आणि नाना उंबरठ्यावर पोचेपर्यंत पंखा निम्मा शांत झालेला असतो. "बघितलंस? मला बघून दबला," नाना म्हणतात. आणि एका अर्थी ते खरंच असतं.

प्रवचनाचा विषय ठरलेला: पंख्याला शिव्या देऊ नका. पंखा आवाज करत नाही, प्रोसेसर त्याला करायला लावतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच हळू चालायला लागतो. त्याआधी पंखा धावून धावून त्याला वाचवत असतो. "शंभर म्हणजे माहीत आहे का किती? आपल्या उज्जैनात पाणी 98 लाच उकळतं. समुद्रापासून पाचशे मीटर वर आहोत आपण." इथे यजमानीण चहाच्या आधणाकडे संशयानं बघते. "आणि पंखा काय गारवा बनवतो का? खोलीतलीच हवा फिरवतो. खोली 42 वर, तर तो तरी काय करणार? पण त्याचा वेग निम्म्यावर आणलास ना, तर आवाज पंधराएक डेसिबलनी उतरतो. तेव्हा दाबायचं ते प्रोसेसरला."

मग मंत्र. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये खोल कुठेतरी प्रोसेसरची कमाल मर्यादा लिहिलेली असते, शंभर टक्के. ती नाना नव्व्याण्णव करायला सांगतात. वाटतं, एका टक्क्यानं काय होणार? पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या एका टक्क्यानं टर्बो बंद पडतो. टर्बो म्हणजे प्रोसेसरनं मध्येच अंगात आल्यागत नेमून दिलेल्या वेगाच्या वर पळणं, आणि खरा ताप त्यातच असतो. पत्र लिहायला आणि मीटिंगला बसायला त्याची काडीची गरज नसते. उज्जैनात दक्षिणा 101 ची. नानांची एकट्याची 99 ची.

एवढ्यानं भागलं नाही, तरच शस्त्रक्रिया. हे नानांचं खरं रूप, आणि इथे त्यांची बडबड आपोआप बंद होते. बॅटरीची पट्टी आधी सोडवतात. काढलेले स्क्रू ताटलीत ज्या जागी निघाले त्याच मांडणीत ठेवतात, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पात्यांच्या अलीकडे, राखाडी लोकरीचा एक जाड थर बसलेला असतो. बाहेरून कितीही फुंका, तो हलत नाही, कारण तो आतल्या बाजूला असतो. नाना चिमट्यानं तो अख्खा उचलतात आणि उजेडात धरतात. "हे बघ. यातलं निम्मं तुझ्या चादरीचं, निम्मं सिंहस्थाचं." 2028 च्या सिंहस्थासाठी गावभर रस्ते खणून ठेवलेत, तेव्हा निदान चुकीचं नाही. पुढे टूथपिकनं पाती अडवून मगच ब्रश फिरवतात. पंखा मोकाट फिरला तर तो उलटी वीज तयार करतो, हे सांगण्यापुरतंच तोंड उघडतं. प्रोसेसरवरचा लेप सुकून खडूसारखा झाला असेल तर तो स्पिरिटनं पुसून नवा लावतात, मोजून मसुरीएवढा. "मंगळाला दहीभात, याला हा." आणि तिथून पंख्यापर्यंत जाणारी तांब्याची चपटी नळी दाखवतात. तिच्या आत थेंबभर पाणी असतं. तापल्या टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होतं, आणि ते परत येतं. "आतमध्ये गलंतिका चालू आहे बेटा."

पैसे घेत नाहीत. पोहे घेतात, वर शेव, जमल्यास जिलबी. त्यांच्या पत्नीचं, माईंचं, म्हणणं वेगळं: "सगळ्या गावाचे आवाज बंद करत फिरतात, एक घरचा सोडून." तो घरचा आवाज म्हणजे नाना स्वतः. त्यांच्या लॅपटॉपचा प्रश्नच नाही. त्याच्यावर नानांनी इतके उपाय केलेत, प्रोसेसरला इतका आवरून ठेवलाय, की पंखा वर्षभरात फिरलेला नाही. सकाळी सुरू करून ते आंघोळीला जातात, पूजा आटोपून येतात, तेव्हा तो उघडत असतो. "आवाज येतो का?" असं नाना अभिमानानं विचारतात. येत नाही. दुसरंही काही येत नाही.

गेल्या मे महिन्यातली दुपार. गच्चीवरच्या खोलीत पुण्याच्या कंपनीची एक मुलगी, तीन वाजता तिची मीटिंग, लॅपटॉप घोंघावतोय. आदल्या मीटिंगमध्ये साहेबानं तिला मागचा मिक्सर बंद करायला सांगितलं होतं. खिडकीत कूलर, आणि गारवा थेट मिळावा म्हणून लॅपटॉप नेमका कूलरच्या तोंडाशी, गादीवर. आईनं नानांना बोलावलं. अडीचला बोलावलेले नाना तीनला आले.

"कूलरसमोर ठेवतेस? ओली हवा आणि धूळ दोन्ही पाजतेस त्याला?" नाना म्हणाले.

"नाना, माझी मीटिंग आत्ता आहे."

"मीटिंग चालू दे. मी हळूच बोलतो."

नाना हळूच बोलले. मीटिंगमधल्या सहा शहरांना राणोजी शिंद्यांपासून सगळं ऐकू गेलं. श्रवण झालं, प्रवचन झालं, 98 अंशांचं उकळतं पाणी झालं, झाकणांचं झालं, 99 ची जागा कुठे असते तेही सांगून झालं. हात लावणार, एवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला, छताचा पंखा थांबला. फोनवरचं इंटरनेट तेवढं चालू राहिलं. लॅपटॉप बॅटरीवर गेला, बॅटरीवर जाताच प्रोसेसरनं हात आखडता घेतला, आणि अर्ध्या मिनिटात तोही पंखा गप्प झाला. पेचकस हातातच असलेल्या नानांनी आईकडे बघितलं.

"झालं?" आई म्हणाली.

"झालं," नाना म्हणाले.

"अहो नाना, लाइट गेली म्हणून..." मुलगी म्हणाली.

"आवाज बंद झाला ना? मग कारण विचारू नये बेटा. मंगळनाथाला कोणी विचारतं का?"

नानांनी पोहे संपवले आणि ही बातमी घेऊन ते खालच्या बिऱ्हाडी गेले. जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. लाइट आली, चार्जरवर पडताच लॅपटॉपनं पुन्हा सूर लावला. मीटिंग संपल्यावर मुलीनं तो गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, कूलरपासून बाजूला. मागच्या पायांखाली बाटलीची दोन झाकणं सरकवली. मग पॉवर ऑप्शनमध्ये शिरून शंभराचं नव्व्याण्णव केलं. आवाज खाली आला आणि खालीच राहिला.

आई पोह्यांची ताटली उचलत होती. तिनं कान देऊन ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली.

"काही म्हण, नानांच्या हाताला गुण आहे."