नंबरवाले तात्या

सोनारीला काळभैरवनाथाचं दर्शन घेऊन पारावर टेकलात, की एक गृहस्थ तुमच्या तोंडाआधी गाडीच्या पाटीकडे बघतील. हे नंबरवाले तात्या. तुमच्याही गावात ते असतीलच. तिथं त्यांना अण्णा म्हणत असतील, इतकंच.

"एमएच १३? म्हंजी सोलापूर. आमी २५, तुमच्या फुडं बारानं! मुंबईला तर सरकारनं नुसता एक दिलाय."

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, तेव्हा तात्यांना घोर एकच होता: "२५ ऱ्हातंय न्हवं?" ते राहिलं, मग तात्या निवांत झोपले.

उसावर तर त्यांचं ऐकूनच घ्यावं. शेजाऱ्यानं ८६०३२ वाण मोडून २६५ लावला, तेव्हा ते कळवळले. "आरं, शहाऐंशी हजारावरनं दोनशे पासष्टावर आलास?" कृषी सहायकानं समजावलं, की ही काही किंमत नव्हे. ८६०३२ म्हणजे १९८६ च्या मालिकेतला ३२ नंबर, आणि २६५ हा खरा ०२६५, म्हणजे २००२ चा ६५ नंबर. तात्यांनी मान डोलावली. "म्हंजी ६५च? आजून उतरलं की!"

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं. तात्यांनी तिथल्या तिथं वजाबाकी केली. "लबाडाला १०२ ची सूट!" गावात मात्र लबाड माणूस अजून चारशेवीसच आहे. तीनशे अठरा म्हटलं तर कुणाला राग येणार?

एवढा आकड्यांचा माणूस, पण जिथं आकडा खरोखर मोजायचा असतो तिथं नेमका तो मोजत नाही. दहा-सव्वीस-सव्वीस हे तात्यांच्या लेखी खताचं नाव, जसं पोराचं नाव बाळू. ५० किलोच्या पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असतं, हे त्या नावातच लिहिलंय म्हटलं तर ते हसतात. "नावावरनं कुटं वजन कळतंय व्हय?" आणि वाटेल तेवढी पोती टाकतात.

देवळाभोवती माकडांची कायम वर्दळ. एकदा कुणी सांगितलं, की आपल्याच जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे, तशी कागदोपत्री नोंदच आहे. सगळे ३२ एकरांनी चाट पडले. तात्यांनी विचारलं, "गट नंबर काय?"

त्यांची स्वतःची जमीन दोन एकर. गट नंबर मात्र तीन आकडी, आणि तो ते न विचारता सांगतात.