गाईज, भोकरात ऑटम आलेला नाही

प्रति,
ऑटम कलेक्शनवाल्या ताई,
मुक्काम : एसी खोली, रिंगलाइटच्या समोर.

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. एक तर तुमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. दुसरं म्हणजे नाव छापलं की तुमचे फॉलोअर वाढतील, आणि त्या पुण्यात मला वाटा नको. मी भोकरला लेडीज पार्लर चालवते. नांदेडहून निर्मलकडे जाणारा हायवे धरला की लागतं ते भोकर. नवऱ्या सजवते, भुवया कोरते, काउंटरवर टिकल्या, काजळ, लिपस्टिक असा थोडाफार माल ठेवते. तुम्ही मोबाईलमध्ये जे बोलून मोकळ्या होता, ते निस्तरायला गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत येऊन बसतं. एवढीच आपली ओळख.

तुमचं काम बघत राहावं असं असतं. पेटी येते. तुम्ही ती कानाशी धरून हलवता, नख लावून फोडता, मग डोळे मोठे होतात. "गाईज, फायनली!" आत आठ रंगांची पॅलेट, दोन लिपस्टिका, एक हायलाइटर. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं जन्मात ऊन लागलेलं नाही तिथं, तुम्ही पट्टे ओढता आणि ते सुकायच्या आत निकाल लागतो : एकदम बटर, पिगमेंट जबरदस्त, दिवसभर टिकतं. दिवसभर! व्हिडिओ सहा मिनिटांचा आणि टिकाऊपणाची हमी दिवसभराची. आमच्याकडे बी-बियाणंवाले सुद्धा एवढी घाई करत नाहीत, ते निदान पेरणी होऊ देतात.

आणि रंगांची ती नावं. मेपल, पम्पकिन, मिस्टी मॉर्निंग. मेपलचं झाड भोकर तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. भोपळा आहे, पण आम्ही त्याच्या घाऱ्या करतो, पापण्यांना फासत नाही. मिस्टी मॉर्निंगबद्दल काय बोलू? तुम्ही स्वेटर घालून 'थंडीची चाहूल' म्हणता तेव्हा इथं पाऊस नुकताच उघडलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन पाठीचं सालटं काढत असतं. त्या महिन्यात इथं पानं गळत नाहीत बाई, कापूस फुटतो. पानगळ बघायचीच असेल तर माघ-फाल्गुनात किनवट-माहूरच्या जंगलाकडे चला. साग उघडाबोडका झालेला असतो आणि त्याच्यात पळस फुललेला असतो, नजर ठरत नाही असा शेंदरी. आमचा ऑटम तो. त्याचं कलेक्शन काढा, पहिली पेटी मी घेते. पण फेब्रुवारीत तुम्ही 'स्प्रिंग पेस्टल' घेऊन बसलेल्या असता, फिक्कट गुलाबी आणि पुदिन्याची चटणी पाण्यात कालवल्यासारखा हिरवा.

दुसऱ्या मुलखातली हवा डबीत भरून विकायची कला तुम्ही शोधली असंही नाही, म्हणून उगाच श्रेय घेऊ नका. १९१९ साली मुंबईच्या पाटणवालांनी 'अफगाण स्नो' काढला. बर्फ न पडणाऱ्या मुंबईत बर्फाच्या नावाचं क्रीम, आणि त्याच्यावर पिढ्यांमागून पिढ्या 'स्नो-पावडर' करत आल्या. माझ्या आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि कुंकवाखाली लावायचं मेण असायचं, तिथंही पुढं स्नोची बाटली शिरलीच. पण त्या बाटलीनं आजीला हिवाळा कधी येतो हे शिकवायचा आगाऊपणा केला नव्हता.

हंगामाचे रंग आम्हाला कळत नाहीत असंही समजू नका. नवरात्रातले नऊ रंग बघा. कुठल्याही पोथीत ते नाहीत. दोनेक दशकांपूर्वी एका मराठी वर्तमानपत्रानं वाराप्रमाणे रंग छापायला सुरुवात केली आणि आज बँकेतल्या मॅडमपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या एका दिवशी एका रंगात दिसतात. असलं हंगामी कलेक्शन जगातल्या कुठल्या कंपनीला जमलंय? आणि फुकट. कपाटात असलेलीच साडी काढायची.

बाकी आमचे हंगाम पैशाचे. सोयाबीन निघालं, कापूस विकला की दिवाळीच्या आगेमागे काउंटरवर जरा बरी लिपस्टिक मागतात. संक्रांतीला वाणात लुटायला टिकल्यांची पाकिटं डझनानं जातात. महालक्ष्म्यांना आधी मुखवट्यांचा साज, मग घरच्या बायकांचा. जून-जुलैत, पेरणीच्या दिवसांत, भुवयासुद्धा वाढू देतात. आणि मग लगीनसराई. ताई, माझं तुमच्याशी जे भांडण आहे ते इथं आहे.

गेल्या वैशाखात एक नवरी आली, हातात तुमचा स्क्रीनशॉट. "मावशी, सेम असंच पाहिजे." सेम असंच म्हणजे बरगंडी स्मोकी डोळे, वर सोनेरी चमक, ओठ वांगी रंगाचे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. लग्न दुपारचं, मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे अक्षता दोनला. मांडव कापडी, कोपऱ्यात पाण्याचा कूलर, त्याची वाफ नवरीच्या तोंडावर. आदल्या दिवशीची हळद तिच्या कातडीत मुरलेली. आमची हळद साधी नव्हे, शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय; ती एका धुण्यात निघत नसते. त्या पिवळ्या गालावर तुमचं गुलाबी झाकेचं फाउंडेशन लावलं की चेहरा राखेचा दिसतो. हे तुमच्या व्हिडिओत येत नाही, कारण तुम्हाला कुणी हळद लावलेली नसते.

शेडचंही एकदा बोलून घेते. गोरी, जरा गोरी, उन्हातून आलेली गोरी, इथं तुमच्या कंपनीच्या फाउंडेशनच्या शेड संपतात. फाउंडेशनचा रंग शेवटी लोहाच्या लाल, पिवळ्या, काळ्या ऑक्साइडचा आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा खेळ. काळं ऑक्साइड काही सोन्याच्या भावानं मिळत नाही. तरी भोकरच्या पोरीच्या रंगापर्यंत येता येता कंपनीची पिशवी रिकामी होते आणि तुम्ही म्हणता, "शेड रेंज खूप इन्क्लुझिव्ह आहे." मग मी दोन डब्यांतलं तिसऱ्यात कालवून तिचा रंग तयार करते. त्याला कलेक्शन म्हणत नाहीत, रोजचं काम म्हणतात.

तर ती नवरी. तिला समजावून डोळे हलके ठेवले, पण वांगी ओठांवर ती अडून बसली. मांडवात गेल्यावर आत्यानं मळवट भरला. कपाळभर कुंकू, खाली माझं मॅट फाउंडेशन, वर मुंडावळ्या. अंतरपाट दूर होईपर्यंत कुंकवाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्याशी पोचला होता आणि मी टिश्यू घेऊन करवलीच्या आडून तो टिपत होते. तुमच्या 'स्मज-प्रूफ'ची परीक्षा बघा कुठं असते. भटजी मंगलाष्टकं लांबवत होते, फोटोवाला "इकडं बघा" म्हणत होता, नवरीच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. त्यात तुमच्या हायलाइटरची काय गरज? वैशाखात तो इथं सगळ्यांना फुकट मिळतो, नाक-गाल-कपाळ, मागाल तिथं.

दुसरी परीक्षा स्कार्फची. इथल्या पोरी स्कूटीवर निघताना तोंड असं बांधतात की फक्त डोळे दिसावेत. कॉलेजात पोचून स्कार्फ सोडला की आतल्या कापडावर अर्धा चेहरा उतरलेला असतो. 'ट्रान्सफर-प्रूफ' लिहिलेल्या प्रत्येक बाटलीचा निकाल त्या कापडावर लिहिलेला आहे. रिंगलाइट विझवून एकदा वाचा.

तिसरी परीक्षा कपाटाची. लिपस्टिक म्हणजे मेण आणि तेल. मधमाशीचं मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं, पण तेलाला एवढा धीर नसतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात टोपण काढलं की लिपस्टिकवर बारीक थेंब उभे असतात. गिऱ्हाईक म्हणतं, "काहून वं मावशे, खराब माल देलीस?" खराब नाही, तिलाही घाम आलाय. तुमच्या एकाही व्हिडिओत हे कुणी सांगितलं नाही, की बाई, ही डबी देवघराजवळच्या गार कोनाड्यात ठेव.

तुम्ही विचाराल, तू कोण परीक्षा घेणारी? तर ते कलेक्शन मी पदरचे पैसे टाकून घेतलं. इथं आपला फरक पडतो. तुम्हाला पेटी कुरिअरनं येते आणि सोबत 'विथ लव्ह' अशी चिठ्ठी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ च्या जानेवारीत तुमच्यासारख्यांसाठी नियमांची पुस्तिका काढली. पैसे, फुकटचा माल, सवलत, सहल, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं, व्हिडिओत दिसेल आणि ऐकूही येईल असं, आणि ज्या भाषेत जाहिरात त्याच भाषेत. तुम्ही सहा मिनिटं अस्सल मराठी बोलता, "बायांनो, डोळे झाकून घ्या" म्हणता, आणि 'ॲड' हा एवढासा शब्द तेवढा इंग्रजीत, खाली कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. भ्रामक जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. भिववत नाही. नुसतं डोळे झाकून घेऊ नका एवढंच सांगते.

आणि 'लिमिटेड एडिशन' म्हणून तुम्ही जी घाई लावून देता तिचं पुढं काय होतं माहीत आहे? खरी पेटी भोकरात कुणाला परवडते? पंधरवड्यात आठवडी बाजारात तसलीच पेटी येते. तेच चित्र, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडंतिकडं, किंमत शंभराच्या आत. उलटी करून बघा : उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही. हे सगळं छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. पोरी ती घेतात, कारण तुम्ही त्यांना सांगितलंय की हा रंग या ऑटमला नसेल तर जगणं फुकट. बरोबर बिननावाचं 'ग्लो' क्रीमही घेतात. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायची मुभा नाही, तरी घालतात. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या असल्या क्रीमनं बिघडल्याचं २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आलं. मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला तेव्हा क्रीममधला पारा उघडा पडला. अकोला इथून काही विलायत नाही. म्हणून मी काउंटरवरच्या प्रत्येक डबीची पाठ गिऱ्हाइकाला वाचायला लावते आणि कानामागे लावून एक दिवस थांब म्हणते. गिऱ्हाईक चिडतं. तुमच्या व्हिडिओला वेळ कमी पडतो हे मी समजू शकते, पण पेटी फोडताना जेवढं नाजूक नख लावता, त्यातलं थोडं पाठीमागच्या बारीक अक्षरांवर फिरवलं तर?

एक गंमत त्याच अक्षरांत सापडली. तुमच्या लाल लिपस्टिकच्या पाठीवर 'सीआय ७५४७०' असा आकडा आहे. तो कार्माइन, कोचिनील नावाचा किडा वाटून काढलेला लाल रंग. श्रावणात कांदा-लसूण सोडणाऱ्या आमच्या एका काकू तीच लावून सत्यनारायणाला जातात. मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगणार असाल तर तुमचं तुम्ही बघा.

आता न्यायानं वागायचं तर माझा निकालही ऐका. पॅलेटमधले तीन रंग कामाचे, बाकीचे पाच एकमेकांची भावंडं, पापणीवर ओळखू येत नाहीत. हायलाइटर माघारी पाठवण्याच्या लायकीचा. लाल लिपस्टिक बरी, पण आतल्या ओठावर तडकते. वांगी रंगाची मात्र नवरीच्या ओठांवर अक्षता पडेपर्यंत, पंगतीत वरण-भात आणि बुंदीचे दोन लाडू जाईपर्यंत, पाठवणीला रडून होईपर्यंत जागची हलली नाही. ती चांगली आहे. हेही तुमच्या व्हिडिओत नव्हतं. तुम्ही सगळ्यालाच चांगलं म्हणालात, त्यामुळे चांगलं कोणतं ते कळलंच नाही.

पुढचं कलेक्शन तपासायला इकडं या. मुंबईहून नंदीग्राम एक्सप्रेस थेट भोकर स्टेशनला उतरवते. वैशाखातला मुहूर्त मी कळवते, नवरी माझी, बाटल्या तुमच्या. सकाळी लाइट असेलच असं नाही, म्हणून चार्जिंगचा बल्ब आणा.

आपली,
भोकरची मेकअपवाली

ता. क. वांगी शेडच्या दोन लिपस्टिका महालक्ष्म्यांच्या आधी पाठवाल का? एक आमच्या आत्याबाईंना पाहिजे, एक काउंटरला. फुकट नको. पक्की पावती लावा.