दोन आटे ढिले

आखातात ‘बॅचलर’ या शब्दाचा लग्नाशी काही संबंध नाही. बायको गावी आणि आपण इथे, तो बॅचलर. मग त्याला नातवंडं का असेनात. कुटुंब आणायचं तर इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बघतात, आणि ज्याच्या इकाम्यावर ‘टेक्निशियन’ छापलंय त्याला फॅमिली व्हिसाच्या रांगेत सहसा कोणी उभं करत नाही. अशा बॅचलरांतूनच दम्माम, जुबैल, अल-खोबर इथल्या प्रत्येक मराठी कोंडाळ्याला आपापला कॉम्प्युटर डॉक्टर मिळतो. आमच्या वाट्याला भाऊ आले. ते भुसावळकडचे. समोरच्या प्रत्येकाला ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून सगळे त्यांनाही भाऊच म्हणतात.

भाऊंचं पोटापाण्याचं काम प्रेशर गेज तपासण्याचं. आठवडाभर कुणाचे तरी भरकटलेले काटे शून्यावर आणायचे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर तोही काटा शून्यावर. पण स्क्रीन धूसर दिसणं, अक्षरं थरथरणं, कडेला सावली पडणं, या विकारांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. व्हायरस शिरला म्हणून बोलवाल तर ते चहा घेतील आणि सांगतील, “ते माझं खातं नाही.” प्रिंटरकडे तर ते बघतही नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरला गुडघा दाखवल्यावर तो जसा चेहरा करील तसा चेहरा करतात.

व्हिजिट शुक्रवारची, सकाळी नऊला. उन्हाळ्यातलं खोबर ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. वाळवंटातलं गाव म्हणून कोरडी हवा असेल असं समजून नवा माणूस येतो आणि समुद्रावरची वाफ त्याला पहिल्याच दिवशी उकडून काढते. एसीच्या गाडीतून पाय बाहेर टाकला की चष्म्याच्या काचा पांढऱ्या. दार उघडावं तर भाऊ दोन्ही डोळ्यांनी आंधळे, बगलेत रेक्झिनच्या पिशवीतला मल्टिमीटर. “कुठंय पेशंट?” हा प्रश्न त्यांनी आमच्या चपलांच्या रॅकला विचारलेला मी ऐकला आहे.

काचा पुसून झाल्या की तपासणी सुरू होते, पण ती मॉनिटरची नाही, मालकाची. भिंतीवर कालनिर्णय असतंच. भाऊ पाच पावलं मागे उभं करतात आणि म्हणतात, “संकष्टीचा चंद्रोदय वाच.” त्या वेळेचा खोबरमध्ये काडीचा उपयोग नाही, इथला चंद्र गच्चीवर जाऊनच बघावा लागतो; पण डोळे तपासायला तेवढ्या बारीक टाइपाचं दुसरं काही घरात नसतं. एका गृहस्थांना चंद्रोदयच काय, चतुर्थीसुद्धा दिसेना. भाऊंनी मॉनिटरला हात न लावता त्यांना चष्म्याच्या दुकानात पाठवलं आणि जेवून गेले.

आमची ओळख झाली ती नारळाच्या चटणीवरून. तेव्हा पडदे अजून काचेच्या पोटाचे होते, मागे हंडा असलेले. आमच्या जुन्या इमारतीत एसीला 220 व्होल्ट, बाकी सगळ्या प्लगांना 127. बायकोचा मिक्सर पुण्याचा, 230 चा. मध्ये दोन विटांएवढा ट्रान्सफॉर्मर. ओट्यावर जागा नाही म्हणून तो भिंतीपलीकडे, हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या टेबलाखाली, आणि तिथून वायर स्वयंपाकघरात. अधूनमधून पडद्यावरची अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी डुलायची. भाऊ येण्याआधीच चटणी वाटून झालेली असायची, त्यामुळे त्यांच्यापुढे पडदा शहाण्या पोरासारखा गप्प.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी पडद्याचा रिफ्रेश 60 वरून 85 वर नेला. डोळ्यांना जाणवणारी लुकलुक गेली, आणि दोनच दिवसांत संथ डुलणाऱ्या अक्षरांना थंडी भरली. दुसऱ्या शुक्रवारी मागचं चुंबकत्व काढायचं बटण दाबलं. ‘धम्म’ आवाज झाला, चित्र एकदा अंगात आल्यासारखं घुमलं आणि शांत झालं. फरक शून्य. मी जरा नाक मुरडलं तर भाऊ म्हणाले, “1938 साली इथं बाजूला दहरानला तेल लागलं ते सातव्या विहिरीला. आपली अजून दुसरीच चालूय.”

तिसऱ्या शुक्रवारी इडलीला पाहुणे होते, चटणीला उशीर झाला होता. मिक्सर घरघरला आणि पडदा नाचला. भाऊ खुर्चीतून उठलेच. “वहिनी, बंद करा!” पडदा स्थिर. “आता चालू!” नाच. “बंद!” असं त्यांनी वीसेक वेळा केलं. निदान झालं तोवर चटणीचं गंध उगाळल्यासारखं झालं होतं.

मग त्यांनी इडली खात खात जे समजावलं ते मला अजून पाठ आहे, कारण ते खरं आहे. त्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकानेच वळवून फिरवतात. शेजारी दुसरं चुंबक जागं झालं की झोत त्याचंही ऐकतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे विजेच्या तालावर श्वास घेणारं चुंबक. भारतात हा ताल सेकंदाला 50 चा, सौदीत 60 चा. पडदाही 60 वर असेल तर दोघं जवळजवळ एका पायावर चालतात, लाट हळूहळू सरकते. पडदा 85 वर नेला की पंचवीसचा फरक पडतो आणि लाटेची थरथर होते. “म्हणजे भाऊ, तुम्हीच वाढवलंत?” मी विचारलं. “वाढवलं नाही, स्पष्ट केलं,” भाऊ म्हणाले आणि ट्रान्सफॉर्मर पायाने दोन हात लांब सरकवला. आजार गेला. “मिया मिया!” शंभर टक्के. हे त्यांचं सर्टिफिकेट, खाली सही म्हणून चौथी इडली.

पुढे चपटे पडदे आले. मला वाटलं, आता भाऊंची प्रॅक्टिस बसली. उलट ती दुप्पट झाली. चपट्या पडद्याचे ठिपके मोजून बसवलेले असतात. त्याला त्याच्या मापाचंच चित्र द्यावं लागतं. पण अक्षरं बारीक दिसतात म्हणून लोक 1680 बाय 1050 च्या पडद्यावर 1024 बाय 768 लावत. मग एका ठिपक्याचं दीड ठिपक्यात भागवताना सगळं लोण्यासारखं पसरायचं. भाऊ मूळ माप लावून देत, अक्षरांचा आकार वेगळा वाढवून देत, आणि पुढच्या वेळी पाहावं तर घरच्यांनी परत 1024 केलेलं असे. एका घरात वर्षभर सगळं धुरकट दिसत होतं. भाऊंनी पडद्याचा कोपरा नखाने उचलला आणि कारखान्यातून आलेली पातळ फिल्म सर्रकन ओढून काढली. त्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिक होतंच. यजमानीणबाईंनी फिल्म जपून घडी घालून ठेवली.

पण त्यांची खरी कला दिसायची ती जुन्या निळ्या प्लगच्या, पंधरा पिनांच्या केबलवर. तिच्यातून चित्र ठिपक्यांनी येत नाही, लाटेने येतं, आणि ती लाट नेमक्या कुठल्या क्षणी मोजायची हे पडद्याला ठरवावं लागतं. क्षण चुकला की अक्षरांच्या कडांवर मुंग्या चालतात. मुंग्या पकडायला भाऊ विंडोज 98 मध्ये चक्क ‘शट डाऊन’ दाबायचे. मालक दचकायचा. त्या वेळी प्रश्नाच्या चौकटीमागे सगळा पडदा एक ठिपका काळा, एक उघडा असा जाळीदार होई. “याच्यापेक्षा कडक परीक्षा नाही.” जाळी वळवळत असली की ते मेनूत शिरून ‘फेज’चा आकडा एकेक घर सरकवत, जाळी दगडासारखी गोठेपर्यंत. मग ‘कॅन्सल’. नाकाला पडदा लागेल इतके जवळ बसून, जीभ दातांत धरून चाललेलं हे काम मी पाहिलंय. गेजचा काटाही ते असाच शून्यावर आणत असणार.

आकड्यांनी भागलं नाही तर केबल. केबल घ्यायला एकदा आम्ही खोबरच्या थुकबा भागात गेलो. भाऊंनी नऊ केबली हातात घेऊन वजन केलं. ज्यांच्या टोकाशी गाठ नाही त्या परत. ती गाठ म्हणजे आत फेराइटचं कडं, बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारं. दहावी पसंत पडली आणि मगरिबची बांग झाली. दुकानदाराने दोघांना बाहेर काढून शटर ओढलं. अर्धा तास पायरीवर बसलो. त्या अर्ध्या तासात मला कळलं, की भाऊंच्या धाकट्या मुलीची दहावी होऊन गेली, गावच्या घराला नवा पत्रा टाकलाय, आणि इथल्या काळ्या वांग्याला भरताची अक्कल नाही. ते हिरवट पांढरं, जळगावाकडचंच लागतं.

केबल लावताना भाऊंनी दोन्ही बाजूचे स्क्रू बोटांनीच फिरवले. “करकचून आवळू नको. आटे मरतात. दोन आटे ढिले असू दे.”

पंधरा दिवसांनी केबल स्वतःच्या वजनाने लोंबली, पडद्याला गुलाबी झाक आली, अक्षरांवर मुंग्या. भाऊ आले, भरीत खाल्लं, “काळ्याच्या मानाने बरं जमलंय” म्हणाले, स्क्रू फिरवले, दोन आटे ढिले ठेवले. पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. 2013 च्या जूनमध्ये सौदीने सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर नेली, तरी भाऊंच्या वारीत खंड नाही. मी एक दिवस चिडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत आवळले. पडदा असा स्थिर झाला की बोट लावून बघावंसं वाटावं.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, “बघ, एवढंच होतं. भाऊंना इतकं कळू नये?”

ती म्हणाली, “मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तुम्ही उद्या कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, वाण्याकडून, वांगी आणा.”

गुरुवारी रात्री फोन वाजला. “काय भाऊ, कशीय स्क्रीन? हलते का?”

मी पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातलं घड्याळ कोरीव कामासारखं दिसत होतं.

“हलतेय,” म्हटलं. “फार हलतेय. नऊला या.”